त्रुटीच्या तक्त्यात आई कुठे आहे?

विज्ञानाच्या वर्गात हमखास आढळणारा एक तक्ता आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पहिल्या रकान्यात पोषकद्रव्याचे नाव, दुसऱ्यात ते कशातून मिळते आणि तिसऱ्यात ते कमी पडल्यास होणारा रोग. 'अ' जीवनसत्त्व : रातांधळेपणा, 'ब१' : बेरीबेरी, 'क' : स्कर्व्ही, 'ड' : मुडदूस, लोह : रक्तक्षय, आयोडीन : गलगंड. पाठ्यपुस्तके बदलली, पाने रंगीत झाली, तक्ता मात्र टिकून आहे. जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, एका वाक्यात उत्तरे द्या, अशा कोणत्याही प्रश्नाला तो सोयीचा पडतो.

पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या तक्त्याचेही करावे असे आम्हाला वाटले. त्याला निमित्त झाले मालवण तालुक्यातील एका शाळेतल्या प्रश्नाचे. आठवीच्या वर्गात हा तक्ता फळ्यावर लिहून झाला होता. मुलांनी तो उतरवून घेतला. मग घरात बाळंतीण वहिनी असलेल्या एका मुलीने विचारले, "बाई, आईच्या अंगात कमी असले तर बाळाला काय होते, ते कुठल्या रकान्यात लिहायचे?" बाईंनी फळ्याकडे पाहिले, आम्हीही पाहिले. तसा रकानाच नव्हता.

प्रथम तक्त्याच्या बाजूने बोलू. काही रोग जंतूंमुळे होत नाहीत, अन्नात काहीतरी नसल्यामुळे होतात, ही कल्पना विज्ञानाला फार कष्टाने सापडली आहे. तिचे सार तीन रकान्यांत मांडणे हे लहान काम नव्हे. पण या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, त्रुटी एका शरीरात सुरू होते आणि त्याच शरीरात रोग होऊन दिसते. आई आणि तान्हे मूल यांच्या बाबतीत हे गृहीतक कोसळते. त्रुटी एकीची आणि रोग दुसऱ्याचा, असे घडते. कधी बाळ तगते आणि आई पोखरली जाते. कधी दोघांनाही एकाच वेळी फटका बसतो. तक्त्यातील चार ओळी मालवणच्या स्वयंपाकघरात नेऊन तपासल्या, की हे स्पष्ट होईल.

पहिली ओळ : ब१ आणि पेज

'ब१', म्हणजे थायमिन, कमी पडले की बेरीबेरी होतो, असे तक्ता सांगतो. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर पाय बधिर झालेला एखादा प्रौढ माणूस येतो. पण या रोगाचे सर्वांत भयंकर रूप दोन-तीन महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळात दिसते. गुटगुटीत दिसणारे मूल अचानक किरकिरे होते, दूध सोडते, त्याला धाप लागते, कधी रडण्याचा आवाजच बसतो आणि काही तासांत हृदय थकते. आईच्या दुधातील थायमिन तिच्या आहारावर अवलंबून असते. त्या आईला मात्र हातापायांना मुंग्या येण्यापलीकडे काही जाणवत नाही. अनेकदा तेवढेही नाही.

ही जुनी गोष्ट आहे असे समजू नये. गेल्या काही वर्षांत काश्मीर आणि कर्नाटकातील डॉक्टरांनी अशा बाळांची नोंद केली आहे. त्यांच्या मातांचा बाळंतपणानंतरचा आहार पथ्यामुळे आकसलेला होता आणि त्यात मुख्य भाग पॉलिश केलेल्या पांढऱ्या भाताचा होता. थायमिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर अशी बाळे आश्चर्यकारक वेगाने सावरतात. वेळेवर मिळण्यासाठी मात्र कुणाला तरी तशी शंका यावी लागते.

आता मालवणकडे पाहू. या किनाऱ्यावर उकड्या तांदळाची पेज हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडला, की कोंड्यातील आणि अंकुरातील पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे दाण्याच्या आतल्या भागात शिरतात. सडताना कोंडा गेला तरी ती सगळी जात नाहीत. पेजेत शिजवलेले पाणीही फेकले जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचर या डॉक्टरांनी नेमकी हीच तुलना केली होती. काही रुग्णांना साधा पांढरा तांदूळ दिला, तर काहींना हिंदुस्थानी पद्धतीचा उकडा. बेरीबेरी पहिल्या गटात पसरला, दुसऱ्या गटात पसरला नाही. 'ब१' हे नाव तेव्हा जन्माला यायचे होते.

आपल्या तक्त्यात 'ब१'च्या ओळीत बहुधा कडधान्ये आणि कोंडा यांची नावे असतात. सिंधुदुर्गातील मुलाच्या घरी रोज सकाळी जी गोष्ट शिजते तिचे नाव नसते. उकडा तांदूळ मागे पडून शुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा होतो, तेव्हा काय गमावले जाते हे त्या मुलाला कळावे कसे?

दुसरी ओळ : आयोडीन आणि मीठ

या ओळीत तक्ता सर्वांत जास्त दिशाभूल करतो. आयोडीन कमी पडले की गलगंड, एवढेच तो सांगतो. गलगंड हे डोळ्यांना दिसणारे लक्षण आहे, म्हणून ते तक्त्यात आले. पण आयोडीनच्या त्रुटीची खरी किंमत गळ्यात नाही, गर्भाच्या मेंदूत मोजली जाते. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पुरेसे काम करू शकत नाही. मेंदूच्या जडणघडणीला लागणारे थायरॉक्सिन त्याला आईकडूनच घ्यावे लागते. आईला आयोडीन थोडेसे कमी पडत असेल तर तिच्या गळ्यावर काहीच दिसणार नाही. मूल पुढे अभ्यासात मागे पडेल आणि आपण शिक्षक त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होऊ.

"आमचा गाव दर्याकाठचा, आम्हाला आयोडीनचे मीठ कशाला?" हा प्रश्न किनाऱ्यावर ऐकू येतो. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या मिठागरांचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्या खडेमिठाविषयी इथे आपुलकी आहे. पण आपुलकीने आयोडीन वाढत नाही. वर्गात पुढील हिशेब करून घ्यावा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन सुमारे ६० मायक्रोग्रॅम. पाणी आटवताना हे सारे आयोडीन मिठातच राहिले असे क्षणभर धरू. प्रत्यक्षात तेवढेही राहत नाही. तरीही १० ग्रॅम मिठातून मिळतील जेमतेम १७ मायक्रोग्रॅम. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर स्त्रीची २५०. उलट, ग्राहकापर्यंत पोचताना आयोडीनयुक्त मिठात दर किलोला निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. म्हणजे त्याच १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम मिळतात. समुद्री मासळीत आयोडीन असते हे खरे, पण त्याचे प्रमाण माशागणिक बदलते आणि मासळी प्रत्येकाच्या ताटात रोज पडत नाही. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आली ती १९९८ मध्ये. ती २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. या बंदीवरचा वाद मुलांनी जरूर घालावा, पण आधी वरील हिशेब करून.

तिसरी ओळ : लोह

लोहाच्या ओळीत 'रक्तक्षय' लिहिलेले असते आणि ते चूक नाही. चूक आहे ती ओळ तिथेच थांबण्यात. एका गरोदरपणाला मिळून सुमारे १ ग्रॅम लोह लागते. स्त्रीच्या शरीरात एकूण लोह असते दोन-अडीच ग्रॅम. या एका ग्रॅमपैकी जवळजवळ ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वार यांच्याकडे जाते, तेही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. वार बाळाची बाजू घेते. आईच्या रक्तात लोह कमी असले तरी ती ते बाळाकडे ओढत राहते. म्हणून आई आधी रिकामी होते. बाळंतपणातील रक्तस्राव अशा आईच्या जिवावर बेतू शकतो. आईची त्रुटी फार असेल तर बाळाचा साठाही अपुरा राहतो.

पुरेशा दिवसांच्या बाळाला हा साठा साधारण सहा महिने पुरतो. दुधात लोह मुळातच थोडे असते आणि आईने कितीही गोळ्या घेतल्या तरी ते फारसे वाढत नाही. म्हणजे सहाव्या महिन्यानंतर बाळाला लोह मिळायचे ते चुलीवर शिजलेल्या अन्नातूनच. त्या वयात बाळाला केवळ पेजेचे निवळ पाणी पाजले, तर पोट भरते आणि लोह मिळत नाही. त्याच पेजेत घोटलेली कडधान्ये, पालेभाजी किंवा काटे काढून कुस्करलेली मासळी गेली तर चित्र बदलते.

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील महाराष्ट्राचे आकडे पाहा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि त्याच वयाच्या पुरुषांपैकी २१.९ टक्के रक्तक्षयी आढळले. बोटातून घेतलेल्या थेंबाच्या चाचणीने प्रमाण फुगते, अशी टीका तज्ज्ञांनी केली आहे आणि ती विचारात घ्यायला हवी. शिवाय सर्व रक्तक्षय लोहाच्या अभावाचा नसतो. तरी तिन्ही गटांची चाचणी एकाच पद्धतीने झाली होती. मुले आणि स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला, एवढी दरी केवळ चाचणीच्या दोषाने पडत नाही. मासिक पाळी, बाळंतपणे, वाढीचे वय आणि ताटात कोणाला काय वाढले जाते, या सर्वांचा तो परिणाम आहे. पाहणीच्या तक्त्यांतही स्त्रियांची ओळ वेगळी आणि मुलांची ओळ वेगळी छापलेली असते. या आईचे हे मूल, अशी जोडी वाचकाला दिसत नाही.

चौथी ओळ : ब१२

या ओळीसाठी मालवण सोडून जरा पुण्याकडे जावे लागेल, कारण आई आणि मूल यांना जोडीने पाहणारा एक मोलाचा अभ्यास तिथे झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांच्या नोंदी घेण्यास सुरुवात केली. त्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा पुढे अनेक वर्षे चालू राहिला. बाळे वजनाने लहान होती, पण इंग्लंडमधील बाळांशी तुलना करता स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून, असे चित्र दिसले. ज्या गरोदर स्त्रियांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा होते, त्यांची बाळे मोठी होती. सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांमध्ये ब१२ कमी आढळले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांच्या मातांमध्ये ब१२ कमी पण फोलेट जास्त होते, त्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. ही मधुमेहाकडे जाणारी वाट आहे.

आपल्या तक्त्यात ब१२ पुढे 'रक्तक्षय' लिहिलेले असते. आईच्या त्रुटीचा धागा मुलाच्या पुढील आयुष्यातील मधुमेहाच्या धोक्याशी जोडलेला असू शकतो, हे त्यात कुठे बसवणार?

मात्र एक सावधगिरी हवी. ब१२ प्राणिज पदार्थांतूनच मिळते. पुण्याजवळच्या गावांत ते आहारात क्वचित होते. बांगडा, तारली, पेडवे खाणाऱ्या मालवण किनाऱ्याला पुण्याचा आकडा जसाच्या तसा लावणे अशास्त्रीय ठरेल. आणि मासळी गावात येते म्हणजे ती प्रत्येकीच्या पोटात जाते, असे मानणेही तितकेच अशास्त्रीय. जून-जुलैची मासेमारी बंदी, श्रावण, उपासाचे वार, गरोदरपणातील आणि बाळंतपणातील पथ्ये, आणि सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाण्याची रीत, एवढ्या चाळण्यांतून ती जाते. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाईच्या स्वतःच्या ताटात त्यातले काय येते, हा प्रश्न पुस्तकात नाही.

दोष कोणाचा?

इथे आम्हाला आमच्याच मांडणीवर एक आक्षेप घ्यायचा आहे. आईची त्रुटी मुलाला भोवते, असे शिकवले की ऐकणारा सहज म्हणतो, "म्हणजे आईचीच चूक." आरोग्याच्या अनेक भित्तिपत्रकांचा सूरही तसाच असतो. 'बाळासाठी खा, बाळासाठी गोळ्या घ्या.' जणू ती स्वतः कोणी नाहीच. वर पाहिलेली लोहाची ओळ काही वेगळेच सांगते. बाळ तगते तेव्हाही आई ढासळत असते. तिने खायला हवे ते प्रथम तिच्यासाठी. आणि दुधातील थायमिन किंवा आयोडीन कमी असते तेव्हा उपाय दूध तोडण्याचा नसतो. आईचे दूध चालूच ठेवायचे आणि आईची त्रुटी भरून काढायची, हाच उपाय असतो. हे वर्गात स्पष्ट सांगितले नाही, तर आपल्या धड्याने लाभापेक्षा नुकसानच होईल.

दुसरे असे की, नाळ आणि दूध या दोनच वाटांनी आई आणि मूल जोडलेले नाहीत. तिसरी वाट चुलीची आहे. दोघे एकाच भांड्यातले खातात, एकाच विहिरीचे पितात, एकाच अंगणात अनवाणी चालून अंकुशकृमी घेतात. लाकडाच्या चुलीचा धूर गरोदर बाई फुंकणीसह छातीत ओढते आणि पुढे तिच्या मांडीवरचे मूलही ओढते. ही वाट आईने एकटीने आखलेली नाही. तीत घरातील पुरुषांचा, मजुरीचा, रेशनचा आणि पंचायतीच्या नळाचा वाटा आहे.

उशीर कधी होतो?

भित्तिपत्रकांची आणखी एक चूक वेळेची आहे. त्यांतील स्त्री नेहमी गरोदर असते. पण गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. आपल्याला दिवस गेले आहेत हे पुष्कळदा तोवर कळलेलेही नसते. फोलिक आम्ल उपयोगी पडायचे तर ते आधीपासून अंगात हवे. मुंबईच्या वस्त्यांत २००६ मध्ये सुरू झालेल्या 'सरस' प्रकल्पात स्त्रियांना गरोदर राहण्यापूर्वीपासूनच पालेभाजी, सुकी फळे आणि दूध यांचा रोजचा खाऊ देण्यात आला. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांचा मिळून विचार करता बाळांच्या वजनात ठाम फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता त्यांची बाळे थोडी जड होती. सर्वांत कृश स्त्रियांच्या बाळांना मात्र लाभ दिसला नाही. म्हणजे आधी सुरुवात करावी हे खरे, पण वर्षानुवर्षांची झीज एका खाऊने भरून निघत नाही, हेही खरे. कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींचाच दीर्घकाळ अभ्यास हाती घेतला आहे, तो याच जाणिवेतून.

किशोरवयीन मुली म्हणजे आपल्याच वर्गातील मुली. २०१३ पासून सरकारी योजनेत त्यांना आठवड्यातून एकदा निळी गोळी दिली जाते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. ती वाटण्याचे काम शिक्षकांकडे आले आहे. आपण गोळ्या मोजतो, सह्या घेतो आणि अहवाल भरतो. त्या गोळीत काय आहे, ती चहाबरोबर का घेऊ नये, शौचाला काळे झाले तर का घाबरू नये, हे किती वर्गांत सांगितले जाते? आणि क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह चांगले शोषले जाते हे शिकवताना आपण संत्र्याचे चित्र दाखवतो. सिंधुदुर्गातील बागांत मार्च ते मे महिन्यांत बिया काढून घेतलेली काजूची बोंडे कुजत पडतात. त्यांत संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते.

तक्ता कसा असावा?

तक्ता फाडून टाका असे आमचे म्हणणे नाही. त्याला तीन रकाने जोडावेत : नाळेतून, दुधातून, चुलीवरून. प्रत्येक पोषकद्रव्यापुढे मुलांनी शोधून लिहावे की ते आईकडून बाळाकडे कोणत्या वाटेने जाते, कमी पडल्यास आधी कोणाला भोवते आणि गावात ते कशात मिळते. आयोडीनपुढे तिन्ही रकाने भरतील. लोहापुढे पहिला आणि तिसरा भरेल, मधला जवळजवळ रिकामा राहील. तो रिकामा का, यावर एक तास सहज जाईल. थायमिनपुढे दुधाचा रकाना ठळक करावा लागेल. काही घरे शिक्षकांनाही पुस्तके चाळून भरावी लागतील. ते चांगलेच आहे.

परीक्षेत या तक्त्यावर जोड्या लावा असा प्रश्न काढणे अवघड जाईल. पण आठवीतल्या त्या मुलीला उत्तर लिहायला जागा मिळेल. तिच्या वहिनीच्या जेवणात काय असावे याची चर्चा त्या दिवशी तिच्या घरी होऊ शकेल, आणि आणखी काही वर्षांनी तिच्या स्वतःच्या ताटाचीही.